पाळी जायच्या वयात हातापायांना मुंग्या? ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देण्याआधी हे तपासून घ्या

रात्री दोन-अडीचला जाग येते. उजवा हात दगडासारखा जड, बोटांना मुंग्या. हात खाटेखाली सोडून झटकला, चोळला की पाच-दहा मिनिटांत जिवात जीव येतो. सकाळी भाकरी थापताना बोटांची टोकं बधिर वाटतात, सुईत दोरा ओवता येत नाही. कुणाच्या तळपायांची संध्याकाळी आग होते, कुणाला पोटरीवर किडा चालल्यासारखं वाटतं आणि पाहावं तर काहीच नसतं. पंचेचाळीस-पन्नाशीतल्या बायका एकत्र बसल्या की या तक्रारी निघतातच.

घरात सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं : पाळी जायचं वय आहे, होतं असं. दवाखान्यात गेलं तर बऱ्याचदा एक लाल सलाईन आणि ताकदीच्या गोळ्या मिळतात. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

‘पाळी जायचं वय’ हे उत्तर काही वेळा बरोबरही असतं. पण ते सगळ्यात शेवटी द्यायचं उत्तर आहे. वाढलेली साखर, बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, मनगटात दबलेली नस, मानेचा मणका, इतकंच काय कुष्ठरोगसुद्धा, या सगळ्यांची सुरुवात मुंग्यांनी किंवा बधिरपणाने होऊ शकते. यातल्या प्रत्येकावर उपचार आहे. फार उशीर झाला तर मात्र गेलेली नस परत येत नाही.

पाळी थांबली असं कधी म्हणायचं?

सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्याला दुसरं काही कारण नसेल, तर पाळी कायमची थांबली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास होतं, कुणाचं थोडं आधी, कुणाचं पन्नाशीनंतर. त्याआधीची काही वर्षं चढउताराची असतात. पाळी कधी पंधरा दिवसांत येते, कधी तीन महिने येत नाही. गरम वाफा, रात्री घाम, झोपमोड, चिडचिड आणि मुंग्या हे त्रास बहुतेकींना याच काळात सुरू होतात, म्हणजे पाळी चालू असतानाच. चाळिशीच्या आधी पाळी थांबली तर ते लवकर झालं, त्याची डॉक्टरांकडून तपासणी व्हायलाच हवी.

गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेल्या बायकांचं गणित जरा वेगळं आहे. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी दिसायची थांबते, पण शरीरातली संप्रेरकं पुढेही तयार होत राहतात. दोन्ही अंडाशयसुद्धा काढले असतील तर संप्रेरकं एका दिवसात बंद पडतात आणि त्रास एकदम, जोरात सुरू होतो. वय तेव्हा पस्तिशीचंही असू शकतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या पिशवीच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली असल्याचं त्यात समोर आलं. अशा अनेक घरांत आजही ऑपरेशनचा कागद सापडत नाही आणि नेमकं काय काढलं हे त्या बाईलाच ठाऊक नसतं. कागद असेल तर तो जपून ठेवा आणि तपासणीला जाताना सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळतं.

मुंग्यांचा पाळीशी संबंध खरंच आहे का?

आहे. हा बायकांच्या मनाचा खेळ नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत पाळी जाण्याच्या त्रासाची मोजणी करण्यासाठी ११ लक्षणांची एक यादी तयार झाली. कुपरमन या डॉक्टरांच्या नावाने ती ओळखली जाते. त्यात हातापायांना मुंग्या येणं, बधिर होणं हे वेगळं लक्षण म्हणून नोंदलेलं आहे. त्याला डोकेदुखी आणि सांधेदुखीपेक्षा जास्त गुण दिलेले आहेत. अंगावर किडे चालल्यासारखं वाटणं याचीही निराळी नोंद आहे. म्हणजे डॉक्टर मंडळींना ही गोष्ट सत्तर वर्षांपासून माहीत आहे.

अंडाशयातून तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक फक्त पाळीपुरतं नसतं. नसा, रक्तवाहिन्या आणि कातडी यांवरही त्याचा परिणाम असतो. ते कमी-जास्त व्हायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र बिथरतं. अंग तापलेलं नसताना ‘तापलं’ असा हुकूम सुटतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, छाती-मानेवर वाफ येते, घाम फुटतो आणि मग थंडी वाजते. या वाफेच्या आगेमागे बोटांत, ओठांभोवती झिणझिण्या येतात. कातडी पातळ आणि कोरडी होते, तिथे खाज आणि वळवळ जाणवते.

दुसरी एक साधी गोष्ट आहे. वाफ येताना छातीत धडधडतं, जीव घाबरतो आणि नकळत श्वास भराभर चालतो. असा भराभर श्वास काही मिनिटं चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याने बोटं, ओठ, गाल यांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. घरचे म्हणतात बाहेरचं काही लागलं, धागे-दोरे सुरू होतात. खरं तर बसवून, धीर देऊन, श्वास सावकाश सोडायला लावला तर अशा मुंग्या थोड्या वेळात उतरतात. पहिल्यांदाच असं झालं असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र हे घरी ठरवायचं नाही.

पाळीच्या बदलामुळे येणाऱ्या मुंग्यांची ओळख साधारण अशी : त्या येतात आणि जातात, आज हाताला तर उद्या पायाला, सोबत वाफा किंवा झोपमोड असते, हातापायातली ताकद शाबूत असते आणि टाचणी टोचली तर टोचल्याचं कळतं. पण हे सिद्ध करणारी कुठलीही एक रक्ततपासणी नाही. बाकीची कारणं बाजूला काढली की मगच हे उरतं.

मुंग्या कुठे येतात, तिकडे आधी बघा

अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्यालाच मुंग्या येत असतील आणि करंगळी बरी असेल, तर बहुधा मनगटातली नस दबलेली असते. मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या आणि ही नस एकत्र जातात. तिथे थोडी सूज आली तरी नस चेपली जाते. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा त्रास जास्त, आणि पाळी जायच्या वयात तो विशेष दिसतो. त्यात आपल्याकडची कामं बघा : खुरपणी, विळ्याने कापणी, धारा काढणं, कपडे पिळणं, शिलाई मशीन, कापूस वेचणं. मनगट दिवसभर वाकलेलं आणि बोटं चालूच.

रात्री जाग येणं आणि हात झटकल्यावर बरं वाटणं ही याची सगळ्यात मोठी खूण. घरी करून बघता येईल अशी एक गोष्ट आहे. दोन्ही हात छातीसमोर आणून तळहातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटं खाली, आणि मनगटं एक मिनिट तशीच वाकलेली ठेवा. त्या तीन बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरांना तसं सांगा. सुरुवातीला मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधला तरी अनेकींना आराम पडतो. त्याने भागलं नाही तर मनगटात इंजेक्शन देतात, आणि लागलंच तर छोटं ऑपरेशन करतात. हातातून पातेलं निसटायला लागलं किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसायला लागला, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबू नका. नस सुकत चालल्याची ती खूण असते.

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या असतील तर दुखणं कोपराजवळच्या नसेत असू शकतं. ही नस पुढे कुष्ठरोगाच्या भागात पुन्हा येईल. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ येत असेल, मान वळवली की वाढत असेल, तर मानेचा मणका बघावा लागतो. डोक्यावर हंडे, सरपण आणि चाऱ्याचे भारे वाहून झालेली ही वयं आहेत, मानेने किती सोसलेलं असतं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. कमरेतून एका पायात उतरणारी कळ आणि मुंग्या कंबरेच्या मणक्याकडे बोट दाखवतात.

दोन्ही तळपायांपासून सुरू होऊन, मोजे घातल्यासारखा बधिरपणा वर चढत असेल, तर सगळ्यात आधी साखर तपासा. मधुमेह वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता अंगात असू शकतो आणि बऱ्याच जणींना तो पायाच्या मुंग्यांमुळेच पहिल्यांदा कळतो. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त आलं आणि दुसऱ्यांदा तपासूनही तेच आलं, तर मधुमेह समजतात. बधिर पायाचा धोका वेगळाच असतो. चुलीजवळ बसताना चटका लागला तरी कळत नाही, काटा रुतून राहतो, घट्ट जोडव्याने बोटाला जखम होते आणि ती चिघळल्यावर वासाने कळते. साखर असलेल्या बाईने रोज रात्री पाय पुसून, तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. स्वतःला वाकता येत नसेल तर सुनेला, नातवाला दाखवायच्या. शेतात अनवाणी जायचं नाही, आणि पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घ्यायची नाही.

रात्री पडल्यावर पाय स्वस्थ राहत नाहीत, आत काहीतरी वळवळतं आणि हलवल्याशिवाय राहवत नाही, असं होत असेल तर त्याचा संबंध बऱ्याचदा लोह कमी असण्याशी असतो. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत रक्त फार जातं, रक्त कमी होतं, आणि लोक पाय दाबत बसतात. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर बाईच्या अंगात रक्त कमी आहे असं धरतात.

दूध डेअरीला, चहा कोरा

बी-१२ हे जीवनसत्त्व नसांच्या वेष्टणासाठी लागतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण, कलेजी यांत असतं. भाजी-भाकरी, डाळ, फळं यांतून ते मिळत नाही, कितीही चांगलं जेवलं तरी. माळकरी आणि शाकाहारी घरांत दूध-दही हाच मार्ग उरतो, आणि ज्या घरात दोन म्हशी आहेत तिथेही सकाळचं दूध डेअरीला जातं, उरलेलं पोरांना आणि पाहुण्यांच्या चहाला. बाई कोरा चहा पिऊन शेतात जाते. त्यातून आठवड्याचे उपवास. कमतरता अशी हळूहळू, वर्षानुवर्षं साठते.

याच्या खुणा : दोन्ही पायांना मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत आणि झोंबणारी, थकवा, विसरभोळेपणा, आणि अंधारात चालताना किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणं. ही शेवटची खूण गंभीर आहे, कारण दुखणं पाठीच्या कण्यापर्यंत गेल्याचं ती सांगते. रक्तातलं बी-१२ साधारण २०० पेक्षा कमी आलं तर कमतरता समजतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या आणि ‘ॲसिडिटीची गोळी’ रोज उपाशीपोटी घेणाऱ्या बायकांमध्ये बी-१२ कमी होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून साखर असली तरी मुंग्या साखरेच्याच आहेत असं गृहीत धरायचं नाही.

लाल सलाईनबद्दल एवढंच : त्यात बी-१२ असेलही, पण तपासणीआधी ते घेतलं तर रक्ताचा अहवाल चुकीचा चांगला येतो. आधी रक्त द्यायचं, मग इंजेक्शन. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर रक्त सुधारतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. आणि बी-६ हे जीवनसत्त्व जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर त्यानेच मुंग्या आणि बधिरपणा येतो. ‘ताकदीची गोळी आहे, काय होणार’ असं म्हणून मेडिकलमधून महिनोन्‌महिने आणत राहणं म्हणूनच बरं नाही. टीबीची औषधं चालू असतील आणि मुंग्या आल्या तर गोळ्या बंद न करता आरोग्य केंद्रात सांगा, तिथे त्यावर उपाय असतो.

थायरॉईड मंद झाल्यानेही मुंग्या येतात. वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, आवाज जड होणं या खुणा पाळी जाण्याच्या तक्रारींत सहज मिसळून जातात. टीएसएच ही रक्ताची एक तपासणी केली की उलगडा होतो. कॅल्शियम फार कमी झालं तर ओठांभोवती झिणझिण्या आणि पोटऱ्यांत गोळे येतात. आणि मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना ते लपवू नये. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि हातापायांच्या टोकांना रक्त कमी पोचतं.

न खाजणारा, न दुखणारा चट्टा

मुंग्यांच्या कारणांत सगळ्यात कमी बोललं जातं ते कुष्ठरोगाबद्दल. देशाने २००५ च्या अखेरीस हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं जाहीर केलं, त्यामुळे अनेकांना वाटतं तो आता नाहीच. पण पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांत आणि पालघरसारख्या भागात दरवर्षी नवे रुग्ण सापडतात.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे खाज नाही, दुखत नाही, घाम येत नाही आणि कापूस फिरवला तर कळत नाही, अशी याची खूण आहे. कोडाचे डाग पांढरेफटक असतात आणि तिथे स्पर्श कळतो, तो वेगळा प्रकार. कधी चट्टा नसतोच. कोपराजवळची नस दोरीसारखी जाड होते, करंगळीकडचा हात बधिर होतो आणि पुढे बोटं वाकायला लागतात. रोग अंगात शिरल्यापासून खुणा दिसायला अनेक वर्षं लागतात, म्हणून ‘आमच्यात कुणाला नव्हतं’ या म्हणण्याला अर्थ नाही. तो शिवल्याने होत नाही, पापाने होत नाही, आई-बापांकडून वारशाने येत नाही. तो जंतूंमुळे होतो आणि बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यायचं असतं, आणि उपचार सुरू झाल्यावर त्या व्यक्तीकडून इतरांना लागण होण्याची भीती राहत नाही. घरातल्या माणसांना वेगळं ताट-पेला करायची गरज नाही.

अडचण दुसरीच आहे. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई दारात येते, तेव्हा बाई हात आणि चेहरा दाखवून मोकळी होते. पाठ, कंबर, मांडी, नितंब हे भाग राहून जातात आणि चट्टा बऱ्याचदा तिथेच असतो. पाठ स्वतःला दिसत नाही. आशाताई बाईच आहे, तिला आतल्या खोलीत नेऊन दाखवायला संकोच नको. वेळेत औषध मिळालं तर बोटं वाकत नाहीत. वाकल्यावर औषधाने रोग जातो, पण वाकलेलं बोट आपोआप सरळ होत नाही.

थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा

एका बाजूचा हात, पाय किंवा चेहरा अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो लकव्याचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सगळीकडे मिळत नाही. त्यामुळे मालिश, कबुतराचं रक्त, गावचा वैद्य यात घालवलेला तास परत येत नाही. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

डाव्या हाताला मुंग्यांसोबत छातीत दाब, जबड्यात कळ, घाम, उलटी असेल तर हृदयाचा कागद, म्हणजे ईसीजी, लगेच काढायचा. पाळी थांबल्यावर बायकांना हृदयविकाराचा धोका वाढतो आणि त्यांची लक्षणं बऱ्याचदा ‘ॲसिडिटी’ वाटावी अशी असतात.

दोन-चार दिवसांत पायांचा बधिरपणा वर चढत गेला आणि पायातली ताकद गेली, तर तेही तातडीचं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले होते, ते अनेकांना आठवत असेल. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी असं होऊ शकतं. बसायच्या जागेचा बधिरपणा आणि लघवी अडणं किंवा न कळत होणं, हेसुद्धा त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाण्याचं दुखणं आहे.

तपासणी कुठे, सांगायचं काय

सुरुवात उपकेंद्रातून, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरातून होते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं रक्तदाब आणि साखर तिथे तपासतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हात-पाय, चट्टे आणि नसा तपासू शकतात, रक्ताचे नमुने पुढच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची सोयही असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बी-१२ ची तपासणी सगळीकडे होतेच असं नाही, ती बाहेरून करावी लागणार असेल तर लॅबमध्ये आधी दर विचारून घ्या. ‘फुल बॉडी’ पॅकेजच्या मागे लागायची गरज नाही. हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच आणि जमलं तर बी-१२, एवढ्यावर बरंच कळतं.

डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात आणि सोबत नवरा किंवा मुलगा असला की पाळीचा विषय तोंडातून निघत नाही. म्हणून आधीच कागदावर, नाहीतर मोबाइलवर लिहून न्यावं : मुंग्या कोणत्या बोटांना, कोणत्या पायाला, रात्री की कामात, कधीपासून, शेवटची पाळी कोणत्या महिन्यात आली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यांची पाकिटं सोबत. आणि एक गोष्ट विचारली नाही तरी सांगायची. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक थेंब असला तरी, त्याची वेगळी तपासणी लागते. तो ‘पाळी परत आली’ असा प्रकार नसतो.

सगळे अहवाल बरे आले तर

मग वयाचा बदल हे कारण धरता येतं आणि त्यावरही करण्यासारखं आहे. वाफा, घाम आणि झोपमोड फार असेल तर संप्रेरकांचा उपचार सगळ्यात गुणकारी असतो. मुंग्या त्याच कारणाने असतील तर त्याही कमी होऊ शकतात, मात्र नुसत्या मुंग्यांसाठी म्हणून हा उपचार देत नाहीत. स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्ताच्या गुठळीचा किंवा यकृताचा मोठा आजार असलेल्या बायकांना तो चालत नाही, आणि पिशवी असेल तर इस्ट्रोजेन एकटं द्यायचं नसतं. त्यामुळे शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणणं धोक्याचं आहे. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाचा.

बाकी घरचे उपाय साधेच आहेत. उकिडवं बसून काम असेल तर अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करायचे. मनगट वाकवून, हात उशीखाली घेऊन झोपायचं नाही. रात्रीचा चहा कमी केला की वाफा आणि झोप दोन्हींत फरक पडतो. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावलं तर कोरड्या कातडीची वळवळ कमी होते. घरच्या दुधातलं एक फुलपात्र बाईच्या वाट्याला यायला हवं, आणि हे घरातल्या पुरुषांनी वाचलं तर जास्त बरं.

बी-१२ चा किंवा साखरेचा उपचार सुरू झाला की मुंग्या लगेच जात नाहीत. नसा हळू भरून येतात, त्याला महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडायची नाही, आणि तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करून जुना कागद नव्या कागदाशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवायचा.